गोरक्षरावांची उलटी गोदावरी

गोरक्ष कुटे यांना रस्ता विचारण्याची चूक इंदिरानगरातला कोणताही माणूस दुसऱ्यांदा करत नसे. पहिल्यांदा मात्र सगळेच करायचे, कारण गोरक्षराव दिसायला अगदी रस्ते माहीत असलेल्या माणसासारखे होते. कपाळाला गंध, खिशाला पेन आणि सोसायटीच्या गेटापाशी हात मागे बांधून उभं राहायची सवय. विचारणाऱ्याचं ते शेवटपर्यंत ऐकून घेत, क्षणभर डोळे मिटत आणि मग अशा काही खात्रीने हात दाखवत, की जन्म नाशकात गेलेले रिक्षावालेसुद्धा निमूट तिकडे वळत.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी अंबडच्या एका पाइप कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून काढली होती. कंपनीची बस कोपऱ्यावर यायची. खिडकीशी बसलं की त्यांचा डोळा लागायचा, तो कारखान्याच्या गेटात उघडायचा. त्यामुळे घर आणि कारखाना यांच्या मधे जे काही नाशिक होतं, त्याच्याशी त्यांची ओळख झोपेतलीच. निवृत्तीनंतर त्यांच्या पत्नी सविताबाई स्कूटी चालवायच्या आणि हे मागे भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसायचे. घरात त्यांना कुणी काही विचारत नसे. पंखा कोणता घ्यायचा, दिवाळीला कुठे जायचं, सगळं सविताबाई आणि मुलगी हर्षाली ठरवून मोकळ्या व्हायच्या. गोरक्षरावांची तक्रार नव्हती. फक्त कधी कधी चहा पिताना ते उगाच म्हणायचे, "मला विचारलं असतं तरी मी हेच म्हणालो असतो."

अशा माणसाच्या हातून पहिला नकाशा निघाला तो गैरसमजातून. सायखेड्याला गावच्या घरी जागरण-गोंधळ होता आणि सविताबाईंच्या बहिणीचं कुटुंब तिथे पहिल्यांदाच येणार होतं. गोरक्षरावांच्या साडूंचा मोबाइलच्या नकाशावर विश्वास नव्हता. त्या नकाशाने त्यांना एकदा गाडीसकट उसात नेलं होतं. "तुमचं स्वतःचं गाव आहे, तुम्हीच काढून द्या," असं ते म्हणाले. आपल्याला कुणीतरी काहीतरी विचारलं, या आनंदात गोरक्षराव जेवणाच्या टेबलावर बसले आणि पत्रिकेच्या पाठीवर त्यांनी सायखेडं काढलं.

त्यात डांबरी सडक दोऱ्याएवढी होती आणि शाळेमागचं बोरीचं झाड अख्ख्या गावाएवढं. गोदावरी पूर्वेकडून येऊन पश्चिमेला, म्हणजे समुद्राकडून त्र्यंबकेश्वराकडे, निवांत चालली होती. जागोजागी बारीक अक्षरात खुणा होत्या. ‘इथे आप्पा सायकलवरून पडले.’ ‘इथलं कुत्रं फक्त मलाच ओळखायचं.’ ‘इथून पुढे मी एकटा जात नसे.’ घर मात्र नकाशात नव्हतं. ते काढायचं राहून गेलं होतं.

साडूंचं कुटुंब तो नकाशा घेऊन निघालं आणि चांदोरीत कुणाच्या तरी साखरपुड्यात पोहोचलं. तिथे त्यांना मुलाकडचे समजून पहिल्या पंगतीला बसवलं. ते जेवले, आहेर देऊन घरी गेले, आणि पुढे कुट्यांपेक्षा त्या चांदोरीकरांशीच त्यांचं येणंजाणं वाढलं.

सविताबाईंनी तो कागद फाडायला घेतला तेव्हा हर्षालीने तो हातातून काढून घेतला. हर्षाली घरांच्या अंतर्गत सजावटीची कामं करायची, तीही गंगापूर रोडच्या मोठ्या मोठ्या फ्लॅटांची. तिने कागद उजेडात धरला, लांब धरला, डोळे बारीक करून पाहिला.

"पप्पा, हे कन्सेप्च्युअल आहे," ती म्हणाली.

"चुकलंय थोडं," गोरक्षराव म्हणाले.

"तेच म्हणतेय मी."

भद्रकालीत शाहनवाज नावाचा एक छपाईवाला होता. तो मुख्यत्वे वाढदिवसांचे फ्लेक्स छापायचा. भावी नगरसेवक, त्यांचे मित्रमंडळ, मित्रमंडळाचे मार्गदर्शक असे चेहरे दिवसभर मशीनमधून बाहेर पडताना पाहून त्याला कशाचंच नवल वाटेनासं झालं होतं. हर्षालीने सायखेड्याचा नकाशा जाड, खरखरीत कागदावर मोठा करून मागितला, तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "ताई, खाली शुभेच्छुक कोण टाकायचं?"

"कुणीच नाही."

"मग हे लावणार कशासाठी?" शाहनवाजने विचारलं, पण छापून दिलं, आणि छान दिलं.

तो छापा पहिल्यांदा लागला तो अमितशेठच्या दिवाणखान्यात. अमितशेठ दिंडोरीचे, द्राक्षं परदेशी पाठवणारे. त्यांच्या नव्या फ्लॅटमधल्या सोफ्यामागे एक मोठी भिंत रिकामी होती आणि तिथे काय लावावं यावरून नवराबायकोचं महिनाभर बिनसलं होतं. हर्षालीने तिथे सायखेडं टांगलं आणि खाली इवल्याशा पट्टीवर नाव घातलं: ‘विस्मरणाचा भूगोल’. वास्तुशांतीला आलेली मंडळी हातात प्लेट घेऊन त्याच्यासमोर थबकू लागली. कुणी म्हणालं, यात एक वेदना आहे. कुणी म्हणालं, हे आपलंच गाव वाटतं. अमितशेठचं गाव ते नव्हतंच, पण पाहुण्यांपैकी अर्ध्यांना त्यात त्यांचं बालपण दिसलं, तेव्हा अमितशेठलाही दिसू लागलं. बोरीच्या झाडाकडे बोट दाखवून ते सांगू लागले, "इथे आम्ही फार खेळायचो."

त्यानंतर गंगापूर रोडवर आठवणींची साथच आली. ज्याच्या त्याच्या सोफ्यामागे नकाशा हवा होता. दिंडोरीच्या वाटेवरच्या एका वाइनरीत, पिंपांच्या दालनात, गोरक्षरावांचं प्रदर्शन भरलं. हर्षालीने त्यांना खादीचा कुर्ता घातला आणि गंध पुसायला लावलं. एक कलासमीक्षक बाई पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी नकाशासमोर बराच वेळ मान तिरकी करून घालवली आणि म्हणाल्या, "आपण दिशांना नकार दिला आहे."

"मला त्या कळतच नाहीत," गोरक्षराव म्हणाले.

बाईंनी डोळे मिटले आणि दालनात टाळ्या वाजल्या. गोरक्षरावांना काय झालं ते उमगलं नाही, पण टाळ्या आपल्यासाठी होत्या एवढं कळलं. जन्मात पहिल्यांदा ते खरं बोलले होते आणि लोकांनी ऐकून घेतलं होतं. त्या दिवशी घरी येताना ते स्कूटीवर पिशवी न घेता बसले.

कामं येऊ लागली. पद्धत साधी होती. गिऱ्हाईक सोफ्यावर बसून आठवणी सांगायचं आणि गोरक्षराव पेन्सिलीने काढत जायचे. गोरक्षरावांना आधी वाटलं होतं, लोक रडतील वगैरे. लोक रडले नाहीत. त्यांनी सुधारणा सुचवल्या. एका बिल्डरला बालपणात थोडी गरिबी हवी होती. "एखादं गळकं छप्पर टाका ना," तो म्हणाला, "फार गळकं नको, वडील मामलेदार कचेरीत होते." एका डॉक्टरबाईंनी वास्तुतज्ज्ञाला बोलावून नकाशा दाखवला. त्याने सांगितलं की घरात लावायच्या चित्रातली नदी ईशान्येला गेली पाहिजे. बाईंच्या माहेरची नदी बिचारी दक्षिणेला वाहायची. गोरक्षरावांनी ती वळवली. त्यांना नद्यांची दिशा बदलण्याचं काही वाटेनासं झालं होतं.

फक्त अमितशेठचा दुसरा नकाशा अंगाशी आला. लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला भेट म्हणून त्यांनी आपल्या प्रेमाचा नकाशा काढून घेतला. गंगापूर धरणाच्या काठी खाल्लेलं कणीस, सोमेश्वरला चुकलेली बस, कॉलेज रोडवरचं उसाच्या रसाचं दुकान असं सगळं सांगता सांगता ते हळवे झाले होते. छापा भिंतीवर लागला, पाहुण्यांनी वाहवा केली. अमितशेठच्या पत्नीने चष्मा लावून सगळा नकाशा वाचला आणि शांतपणे विचारलं, "हे कणीस कुणाबरोबर खाल्लंत?" तो नकाशा दुसऱ्याच दिवशी शीतगृहाच्या ऑफिसात हलला, द्राक्षांच्या रिकाम्या खोक्यांमागे.

पण असे प्रसंग वगळता गोरक्षरावांचं उत्तम चाललं होतं. एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत त्यांची मुलाखत आली. उत्तरं हर्षालीने लिहून दिली होती. मथळा होता: ‘माझ्या नकाशात चूक नावाची गोष्टच नसते!’ गोरक्षरावांनी ती मुलाखत इतक्या वेळा वाचली की शेवटी ती त्यांना पटली. आता गेटापाशी कुणी रस्ता विचारला की ते आधी विचारायचे, "कुठला? बाहेरचा की आतला?"

याच सुमारास सायखेड्याहून महेश आला. महेश हा त्यांचा चुलतभाऊ, गावाला शेती बघणारा. डोळे तपासायला नाशकात आला होता आणि डोळ्यांत औषध घालून घेण्याआधी भावाकडे चहाला थांबला. हॉलमध्ये सायखेड्याचा छापा होता. महेश त्याच्यासमोर उभा राहिला तो हलेचना. गोरक्षरावांना भरून आलं. परक्यांनी पुष्कळ कौतुक केलं होतं, पण घरचा माणूस असा पहिल्यांदाच थबकला होता.

"कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"लय भारी हाय, आण्णा," महेश म्हणाला. "ही खाली सही तुझीच ना?"

"माझीच."

"फोटो काढू का?"

"काढ की, विचारतोस काय."

महेशने बोरीचं झाड सोडलं, आप्पा पडले ती जागा सोडली आणि फक्त उजव्या कोपऱ्याचा फोटो काढला.

त्या कोपऱ्यात कुट्यांचं वावर होतं. गोरक्षरावांचे वडील आप्पा आणि काका यांच्या वाटण्या होऊन त्याचे दोन तुकडे झाले होते, एक गोरक्षरावांचा, एक महेशचा. नदीकडे जाणारी गाडीवाट होती महेशच्या तुकड्यातून. ती सरकारी नकाशात नव्हती. लोकांच्या पायांनी आणि बैलगाड्यांनी पाडलेली. महेशला तिथे सलग द्राक्षबाग लावायची होती आणि मधे ती वाट आडवी येत होती. गोरक्षरावांनी आपल्या सवयीप्रमाणे डाव्याचं उजवं केलं होतं, आणि गाडीवाट त्यांच्याच वावरातून, ऐसपैस, दोन बैलगाड्या जातील अशी काढली होती. वर लिहिलं होतं: ‘ही वाट माझ्या काळजातून जाते.’

पंधरवड्याने तालुक्याहून नोटीस आली. महेशने अर्ज केला होता की वाट मुळात गोरक्षच्या तुकड्यातून होती, ती तिकडे हलवावी. सोबत पुरावा म्हणून गोरक्षच्याच सहीचा नकाशा, आणि त्यात चूक नावाची गोष्ट नसते असं सांगणारं वर्तमानपत्राचं कात्रण.

सविताबाईंनी नोटीस वाचली आणि चष्मा टेबलावर ठेवला. "काळजातून जाते म्हणे. आता वावरातूनही जाईल."

"सांगू की त्यांना, चुकलं म्हणून," गोरक्षराव म्हणाले.

"असं कसं सांगणार?" हर्षाली उठून उभी राहिली. "पप्पा, लोकांनी घरात लावलेत ते नकाशे. तुम्ही जाणूनबुजून उलटं काढता म्हणून लावलेत. तुम्हाला डावं-उजवं कळत नाही असं सरकारदरबारी लिहून दिलंत तर माझ्या गिऱ्हाइकांना मी काय सांगू?"

"आणि नाही सांगितलं तर आपल्या वावराला काय सांगू?" सविताबाई म्हणाल्या.

दोघी त्यांच्याकडे बघू लागल्या. या घरात निर्णय त्यांच्यावर येऊन थांबला होता, आणि तो असा आला होता की त्यापेक्षा पिशवी मांडीवर बरी होती. मोठेपण ठेवावं तर जमीन जाणार. जमीन ठेवावी तर आपण कलावंत नसून नुसते गोंधळलेले आहोत हे जाहीर करावं लागणार. गोरक्षराव गॅलरीत जाऊन बसले. आपण दिशांना नकार दिला आहे की दिशांनी आपल्याला, हा प्रश्न आजवर त्यांनी स्वतःला विचारला नव्हता.

स्थळपाहणीच्या दिवशी ते कुर्ता न घालता, साध्या बुशशर्टात सायखेड्याला गेले. मंडळ अधिकारी वेळेवर आले. तरुण, शांत आणि उन्हाने वैतागलेले. पारावर अर्धं गाव जमलं होतं. महेशने छापा शाहनवाजकडूनच आणखी मोठा करून आणला होता, आणि शाहनवाजने सवयीने त्याच्या कोपऱ्यात महेशचा हसरा फोटोही टाकला होता.

अधिकाऱ्यांनी नकाशा नीट पाहिला. "नदी उलटी दिसतेय."

"ती कला हाय साहेब," महेश म्हणाला. "वाट तेवढी खरी."

"असं अर्धंअर्धं नाही घेता येत. काढणारे इथेच आहेत ना? कुटेसाहेब, तुमच्या नकाशाप्रमाणे आम्हाला वावरात घेऊन चला. पोहोचलो तर नकाशा विचारात घेतो."

हर्षालीने वडिलांकडे पाहिलं, सविताबाईंनीही पाहिलं. गोरक्षरावांना एक गोष्ट सुचली होती: मुद्दाम चुकायचं. आपण मुद्दाम चुकलो हे आपल्याला माहीत असलं म्हणजे मानही राहील आणि वावरही. मनाशी त्यांनी ठरवलं की खरा रस्ता देवळाच्या डावीकडून आहे, तेव्हा आपण उजवीकडे वळायचं. मग त्यांनी नकाशा हातात घेतला आणि चालू लागले. मागे अधिकारी, तलाठी, महेश, सविताबाई, हर्षाली आणि गाव.

देवळाशी ते ठरल्याप्रमाणे उजवीकडे वळले. चार पावलांवर महेशचा चेहरा खुलला आणि सविताबाईंनी पदर तोंडाशी नेला. कारण वावराचा खरा रस्ता उजवीकडूनच होता. गोरक्षराव मुद्दाम चुकायला गेले आणि बरोबर निघाले होते. पुढे शाळा आली, पाण्याची टाकी आली, मिरवणूक बिनचूक वावराच्या दिशेने चालली. आपलं सगळं मनासारखं चाललंय या समाधानात गोरक्षराव छाती काढून चालत होते.

ओढ्याशी दोन फाटे फुटत होते. तिथे त्यांना आठवलं की आपण बराच वेळ मुद्दाम चुकतोय, आता संशय येऊ नये म्हणून थोडं बरोबर जावं. त्यांनी डोळे मिटले, लहानपणची वाट मनापासून आठवली आणि खात्रीने डाव्या हाताला निघाले. सविताबाईंनी पदर खाली घेतला.

ती वाट एका कोंबड्यांच्या शेडमध्ये जाऊन संपली. आत हजारो कोंबड्या एकदम ओरडू लागल्या. शेडचा मालक अधिकाऱ्यांना पाहून पक्ष्यांच्या साथीची तपासणी आली असं समजला आणि हात जोडून सांगू लागला की मेलेल्या तीनच होत्या आणि त्याही उन्हाने.

"हेच का वावर?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

गोरक्षरावांनी नकाशा पाहिला, कोंबड्या पाहिल्या, मागे उभं असलेलं गाव पाहिलं. "इथे बांधावर जांभूळ होतं," ते म्हणाले. आवाज खाली गेला होता. "नसेलही. साहेब, मला खरंच नाही समजत हो. लहानपणापासून नाही समजत. मी आप्पांचं धोतर धरून चालायचो. ते जिथे थांबायचे ते वावर."

कुणी हसलं नाही, एक महेश सोडून, आणि तोही चेहरा पडल्यावर उरतं तसलं हसू हसला. अधिकाऱ्यांनी तिथेच कोंबडीच्या खाद्याच्या पोत्यावर कागद ठेवून पंचनामा लिहिला. ‘सदर नकाशा काढणाऱ्या इसमास डाव्या-उजव्याचे भान नसल्याचे पंचांसमक्ष दिसून आले, सबब नकाशा विचारात घेता येत नाही.’ गोरक्षरावांनी खाली सही केली. सही तीच होती, नकाशावरची. वाट महेशच्याच तुकड्यात राहिली.

हर्षालीने परतीच्या वाटेत गाडीतच धंद्याचा मनोमन निरोप घेतला होता. पण आठवड्याच्या आत अमितशेठचा फोन आला. गोष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचली होती आणि त्यांना पंचनाम्याची नक्कल हवी होती, नकाशाशेजारी फ्रेम करून लावायला. "सरकारी शिक्का आहे ना?" त्यांनी दोनदा विचारलं. "मग अस्सल." पाठोपाठ बिल्डरने मागितली, डॉक्टरबाईंनी मागितली. पुण्याच्या समीक्षक बाईंनी कळवलं की भान नसण्याची अशी शासकीय नोंद भारतीय कलेत क्वचितच झाली असेल.

गोरक्षरावांना याचं वाईट वाटलं. एवढ्या आठवणी काढल्या, त्या कुणी धड वाचल्या नाहीत, आणि एका वैतागलेल्या माणसाने पोत्यावर लिहिलेली ओळ लोक काचेत घालतायत. त्यांनी नवी कामं घेणं बंद केलं. हर्षालीने जुन्याच छाप्यांवर भागवलं.

दिवाळीनंतर सायखेड्याहून महेशचा फोन आला. तो ओशाळलेला होता, पण फोन स्वतःसाठी नव्हता. "आई म्हणती, गोरखला बोलाव. तिला बी नकाशा पायजे."

साळूबाई म्हणजे महेशची आई, गोरक्षरावांची काकू. गुडघ्यांनी घरात बसलेली. गोरक्षराव पेन्सिल घेऊन गेले आणि तिच्या खाटेशी बसले. महेशने चहा आणला आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "आण्णा, आपलं घर जरा मोठं काढ. पुढं ट्रॅक्टर दाखव."

"तू जा रे," साळूबाई म्हणाली. तो गेल्यावर तिने गोरक्षरावांकडे पाहिलं. "हितलं काय नको मला. माझं माहेर काढ. त्र्यंबकच्या पल्याड, डोंगराच्या पायथ्याला. धरणात गेलं ते."

"काकू, मी तिकडं कधी गेलेलो नाही. आणि मला दिशा कळत नाहीत, तुला माहितीये."

"गाव हाय कुठं आता, दिशा चुकायला?" ती म्हणाली. "मी सांगते तसं काढ. आधी उंबर."

गोरक्षरावांनी उंबर काढला. तिने सांगितलं, लहान झाला. त्यांनी मोठा केला. मग पाणवठा, मग मैत्रिणीचं दार, मग जिथे तिची आई तिला सासरी पाठवताना थांबली ती टेकडी. गळकं छप्पर तिने घालू दिलं नाही. "गळायचं खरं," ती म्हणाली, "पर ते कशाला." नदी कुठून कुठे वाहते ते तिने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही, त्यांनी नुसतं पाणी काढलं.

शाहनवाजने तो नकाशा छापून दिला आणि या वेळी खाली काय टाकायचं ते विचारलं नाही. महेशला तो ओसरीवर लावायचा होता, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. साळूबाईने ऐकलं नाही. तिने तो आपल्या खोलीच्या दाराला आतून लावून घेतला. दार उघडं असलं की तो भिंतीकडे तोंड करून असतो आणि कुणाला दिसत नाही. दुपारी जेवणं झाली, बाकीची माणसं शेतावर गेली की ती उठते, भिंतीला धरत धरत जाते आणि दार लावून घेते.